ठेच लागली तर लपवू नका
बिनइंजिनाच्या विमानांच्या क्लबांकडून शिकण्यासारखी एक रीत



उन्हाळ्यात भर दुपारी आभाळाकडे पाहिले तर बऱ्याचदा घार दिसते. पंख न हलवता गोल गोल फिरत ती वर वर जात असते. तिला वर नेते ती तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा. नांगरून टाकलेले काळे रान, उघडा माळ, खडकाळ टेकडी लवकर तापते आणि तिच्यावरची हवा हलकी होऊन वर उठते. शेजारच्या भिजवलेल्या उसावर तसे होत नाही. शिवारात धूळ-पाचोळा घेऊन फिरणारी वावटळ ही याच हवेची धाकटी बहीण.

या हवेच्या जोरावर माणूसही उडतो. त्याच्या विमानाला ग्लायडर म्हणतात. त्याला लांब, अरुंद पंख असतात, पण बहुतेकांना इंजिन नसते. आभाळात सोडले की ते संथपणे घसरत घसरत खाली येते. शिकाऊ लोकांचे साधे ग्लायडरसुद्धा एक किलोमीटर उंचीवरून तीस किलोमीटर लांब जाऊ शकते. वाटेत गरम हवेचा झोत सापडला की घारीसारख्या घिरट्या घालून पुन्हा उंची कमवायची आणि पुढे जायचे. अशा रीतीने तरबेज लोक एका दिवसात शेकडो किलोमीटर उडतात.

आपल्या महाराष्ट्राला हा प्रकार अगदी परका नाही. पुण्याजवळ हडपसरला केंद्र सरकारच्या ग्लायडिंग केंद्रात अनेकांनी हे शिक्षण घेतले. आपल्या देशाच्या नागरी विमान खात्याने पूर्वी स्वतःची ग्लायडरही तयार केली होती. त्यांची नावे ऐका : अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर. पेरणीचा हिशोब नक्षत्रांवर मांडणाऱ्या आपल्यासारख्यांना ही नावे घरचीच वाटतील.

पण आज मी तुम्हाला सांगणार आहे ती गोष्ट ब्रिटनची. तिथल्या ग्लायडर उडवणाऱ्यांनी आपल्यातले अपघाती मृत्यू कसे कमी केले, ती. आपण काही विमान उडवणार नाही. पण आपल्या खळ्यावर मळणी यंत्र आहे, गोठ्याशेजारी कडबा कुट्टी आहे, विहिरीवर मोटार आहे, पाठीवर फवारणीचा पंप आहे. तेव्हा ही गोष्ट शेवटपर्यंत वाचा.

शेतात उतरणारे पाहुणे

ब्रिटनमधल्या ग्लायडिंग क्लबांची राष्ट्रीय संघटना १९२९ साली स्थापन झाली. देशभरचे क्लब तिच्याशी जोडलेले आहेत. शिकवणारे बहुतेक लोक हौसेने, विनामोबदला शिकवतात. कोणी शिक्षक, कोणी सुतार, कोणी कारखान्यातला कामगार. सुट्टीच्या दिवशी सगळे मिळून ग्लायडर बाहेर काढतात, ढकलतात, उडवतात आणि संध्याकाळी पुसून ठेवतात. आपल्याकडच्या इर्जिकीसारखाच तो प्रकार आहे. एकट्याने होणारे ते काम नव्हे.

या लोकांचा आणि शेतकऱ्यांचा जुना संबंध आहे. दूरच्या सफरीला गेलेल्या वैमानिकाला गरम हवा मिळेनाशी झाली आणि क्लबपर्यंत पोचण्याइतकी उंची उरली नाही, की त्याला वाटेतल्या एखाद्या शेतात उतरावे लागते. हा अपघात समजला जात नाही. तो त्या खेळाचा भागच आहे आणि त्याचे रीतसर शिक्षण असते.

शेत कसे निवडायचे हे ऐकले तर तुम्हाला गंमत वाटेल. उंची हाताशी असतानाच निवड करायची, अगदी खाली आल्यावर धावाधाव करायची नाही. वारा कुठून येतो ते पाहायचे. रानाची लांबी पाहायची. उतार पाहायचा आणि चढाच्या दिशेने उतरायचे. जमीन पाहायची. कापणी झालेले, धसकटे उरलेले रान उत्तम; उभे पीक वाईट. उंच पिकात पंख अडकतो, ग्लायडर गर्रकन फिरते आणि शेतकऱ्याचेही नुकसान होते. रानाच्या कडेची झाडे आणि तारा पाहायच्या. वरून विजेची तार दिसत नाही, पण खांब दिसतो. म्हणून खांब शोधायचे आणि दोन खांबांमध्ये तार आहेच असे धरून चालायचे. शेवटी जनावरे पाहायची. गाईंना ग्लायडर चाटायची आणि चावायची भारी हौस. आणि कुरणात एकटेच जनावर उभे असेल तर तो वळू असायचा!

उतरल्यावर रीत अशी, की वैमानिकाने आधी शेतमालकाला शोधायचे, नाव-गाव सांगायचे आणि झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरी व्यक्त करायची. फाटक जसे होते तसे लावायचे. दुसऱ्याच्या नुकसानीसाठी विमा उतरवलेला असतो, त्याची माहिती द्यायची. मग क्लबचे सोबती गाडीमागे लांब ट्रेलर जोडून येतात, पंख काढून ग्लायडर त्यात भरतात आणि परत नेतात. ही रीत पाळली नाही तर पुढच्या वैमानिकाला शेतकरी बांधावर पाऊल ठेवू देणार नाही, हे त्यांना पक्के माहीत आहे. एकाच्या वागण्याचे फळ सगळ्यांना भोगावे लागते, ही समज त्यांच्यात मुरलेली आहे.

विंचचा धोका

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. इंजिन नसलेले विमान वर जाते कसे? एक उपाय म्हणजे दुसऱ्या विमानाने दोर लावून ओढत नेणे. पण ते खर्चाचे काम. म्हणून ब्रिटनमध्ये बरेच क्लब विंच वापरतात. विहीर खोदताना तुम्ही यारी पाहिली असेल. इंजिन चालले की ड्रमवर वायर रोप गुंडाळला जातो आणि खालचा डबा वर येतो. विंच म्हणजे तसेच यंत्र, पण फार ताकदीचे आणि फार वेगाचे. ते मैदानाच्या एका टोकाला असते आणि ग्लायडर दुसऱ्या टोकाला. मधे हजार मीटर किंवा त्याहून लांब रोप. विंचवाल्याने ओढ दिली की ग्लायडर काही सेकंदांत धावू लागते आणि पतंगासारखे नाक वर करून चढते. मिनिटभराच्या आत ते हजार ते दीड हजार फुटांवर पोचते. तिथे वैमानिक रोप सोडून देतो.

रोप आणि ग्लायडर यांच्यामध्ये मुद्दाम एक कमजोर कडी बसवलेली असते. ओढ मर्यादेबाहेर गेली तर ही कडी तुटते आणि ग्लायडर वाचते. आपल्या काही अवजारांना शिअर बोल्ट असतो, तशीच ही. ग्लायडरच्या जातीप्रमाणे कडीची ताकद ठरलेली असते आणि चुकीची कडी लागू नये म्हणून त्यांना वेगवेगळे रंग दिलेले असतात. "सारखा तुटतो" म्हणून शिअर बोल्टाच्या जागी पक्का लोखंडी बोल्ट ठोकणाऱ्या आपल्या मित्रांनी याचा विचार करावा. तो बोल्ट तुटण्यासाठीच असतो. तो तुटला नाही तर दुसरे काहीतरी तुटते.

इतकी काळजी घेऊनही विंचवर माणसे मरत होती. दरवर्षी फार नाही. पण वर्षामागून वर्षे, त्याच त्याच प्रकारे. एखादा अपघात झाला की त्या क्लबात हळहळ व्हायची. "बिचाऱ्याचे दुर्दैव" असे म्हणायचे आणि पुढच्या रविवारी पुन्हा उड्डाणे सुरू. हे आपल्याला ओळखीचे वाटते की नाही?

सगळे कागद एकत्र मांडले तेव्हा

पण या संघटनेने एक गोष्ट केली होती. अपघाताचा अहवाल लिहून पाठवण्याची शिस्त तिने वर्षानुवर्षे टिकवली होती. ग्लायडर मोडले तरी लिहायचे, माणूस जखमी झाला तरी लिहायचे आणि थोडक्यात निभावले तरी लिहायचे. संघटनेतल्या काही जाणत्या माणसांनी हे जुने अहवाल एकत्र मांडले आणि एकच प्रश्न विचारला : माणूस नेमका कोणत्या क्षणी आणि कशाने मेला?

उत्तर डोळे उघडणारे होते. रोप तुटणे हे मरणाचे खरे कारण नव्हते. रोप तर तुटायचाच. मरण येत होते ते त्यानंतरच्या दोन-चार सेकंदांत वैमानिकाने काय केले किंवा काय केले नाही, त्यातून. आणि अपघातांचे प्रकार मोजकेच होते. त्यात नवशिकेच होते असे नाही. वर्षानुवर्षे उडणारे अनुभवी लोकही होते. हात सरावला की मन गाफील होते, हे तिकडेही खरे आहे.

यातून २००५ साली सुरक्षित विंच उड्डाणाची मोहीम सुरू झाली. संघटनेने पत्रके काढली, पुस्तिका काढली, प्रशिक्षकांना समजावले. सांगायच्या गोष्टी थोड्याच ठेवल्या. त्या अशा :

१. उड्डाण सुरू होताना डावा हात रोप सोडण्याच्या मुठीवर ठेवा. पंख समतोल राहत नाहीत असे वाटले की पंखाचे टोक जमिनीला लागण्याच्या आत रोप सोडा. कारण टोक गवतात अडकले आणि ओढ चालूच राहिली, तर ग्लायडर कोलांटी खाते. हे इतक्या झपाट्याने होते की विचार करायला वेळ उरत नाही.

२. जमीन सुटल्याबरोबर नाक एकदम वर करू नका. पुरेसा वेग आला आणि तो वाढतो आहे हे पाहा. मग सावकाश, निदान पाच सेकंद घेऊन पूर्ण चढावर जा. घाईने नाक वर केले तर पंखांची हवेवरची पकड सुटते आणि ग्लायडर गिरकी घेऊन कोसळते.

३. जमिनीजवळ असताना ओढ गेली तर त्याच क्षणी नाक खाली करा.

४. वर गेल्यावर ओढ गेली तरीही आधी नाक खाली करा आणि सुरक्षित वेग येईपर्यंत थांबा. तोवर वळू नका, ब्रेक उघडू नका.

बस्स, चारच गोष्टी. त्यात नवे यंत्र नाही, मोठा खर्च नाही. पण त्या पुन्हा पुन्हा शिकवल्या, करवून घेतल्या, दरवर्षी उजळणी केली. त्यानंतरच्या वर्षांत विंचवरचे प्राणघातक आणि गंभीर अपघात ठळकपणे घटले. जे "दुर्दैव" वाटत होते, त्यातले पुष्कळसे टाळता येण्यासारखे होते.

शिक्षा नव्हे, माहिती

यात सगळ्यात महत्त्वाचे काय, असे मला विचाराल तर मी त्या चार नियमांकडे बोट दाखवणार नाही. मी त्या अहवालांकडे दाखवीन.

माणूस आपली चूक कधी लिहून देईल? लिहिल्यावर चारचौघांत हसे होणार नाही, पोटावर पाय येणार नाही, अशी खात्री असेल तेव्हाच. म्हणून विमानाच्या जगात ही रीत पडली आहे, की प्रामाणिकपणे घडलेली चूक ज्याने आपण होऊन सांगितली त्याला दोष द्यायचा नाही. मुद्दाम बेफिकिरी करणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याला माफी नाही. पण ज्याने सांगितले त्याचे आभार मानायचे आणि त्याने सांगितलेले सगळ्यांना कळवायचे. आपण म्हणतो, "पुढच्यास ठेच, मागचा शहाणा." खरे आहे. पण पुढच्याने ठेच लपवली तर मागचा शहाणा कसा होणार?

त्यांच्या आणखी तीन सवयी सांगतो.

पहिली, उजळणीची. उड्डाणापूर्वी वैमानिक ठरलेल्या क्रमाने सगळे तपासतो : सुकाणू नीट हलते का, वजन मर्यादेत आहे का, पट्टे आवळले का, वरचे झाकण बंद आहे का, ब्रेक मिटून पक्के बसले का. शेवटचा प्रश्न असा, की "आता ओढ मधेच तुटली तर मी काय करीन?" संकटाचे उत्तर संकट येण्याआधीच तोंडपाठ करून ठेवायचे.

दुसरी, दोघांनी मिळून पाहण्याची. ट्रेलरमधून आणलेले ग्लायडर जोडल्यावर एक जण बाहेरून पंखाची हलणारी फळी हाताने दाबून धरतो आणि दुसरा आतून दांडा हलवून पाहतो. जोड खरोखर बसला आहे की नुसता बसल्यासारखा दिसतो, ते असे कळते. ज्याने जोडले त्याच्याच डोळ्यांवर विसंबायचे नाही.

तिसरी सवय मला फार आवडली. ग्लायडर सुटण्याच्या ठिकाणी कोणालाही काही वावगे दिसले तर त्याने "थांबा!" असे ओरडायचे, आणि ओरडले की उड्डाण थांबलेच पाहिजे. ओरडणारा कोण आहे हे पाहायचे नाही. त्या देशात १४ वर्षांच्या मुलामुलींना एकट्याने ग्लायडर उडवायला परवानगी आहे. तेव्हा असे लहान सभासदही तिथे वावरत असतात. चौदा वर्षांच्या पोरीने "थांबा" म्हटले तरी चाळीस वर्षांच्या अनुभवी माणसाने थांबायचे. नंतर धोका नव्हता असे आढळले तरी तिला रागवायचे नाही.

नवी साधनेही त्यांनी नाकारली नाहीत. एकाच गरम झोतात पाच-सात ग्लायडर घिरट्या घालतात तेव्हा टक्कर होण्याची भीती असते. जो आधी आला तो ज्या बाजूला वळतो आहे त्याच बाजूला सगळ्यांनी वळायचे, हा जुना नियम आहेच. शिवाय २००४ साली स्वित्झर्लंडमध्ये फ्लार्म नावाचे छोटे यंत्र निघाले. ते जवळच्या दुसऱ्या अशाच यंत्राची चाहूल घेऊन वैमानिकाला सावध करते. पुष्कळांनी ते आपण होऊन बसवून घेतले. तरीही प्रशिक्षक सांगतात, यंत्र असले तरी डोळे बाहेर ठेवा.

आता आपल्या खळ्यावर येऊ

शेतकरी मित्रांनो, आपल्याकडे काय होते? मळणी यंत्रात हात गेला, की गावात दोन दिवस चर्चा होते. यंत्राचा मालक म्हणतो, "त्याचेच लक्ष नव्हते." मजूर गप्प बसतो, कारण पुढच्या हंगामात काम हवे असते. घरचे म्हणतात, "नशिबात होते." आणि शेजारच्या गावात तेच यंत्र, तसेच उघडे तोंड, तशीच सैल बाही, पुढच्या सुगीची वाट पाहत उभे राहते.

कायदा आपल्याकडेही आहे. १९८३ साली केंद्राने धोकादायक यंत्रांचा कायदा केला आणि त्यात मळणी यंत्राचा समावेश केला. पण कायदा काही रात्री दहा वाजता खळ्यावर येऊन उभा राहत नाही. तिथे आपणच असतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारताना मळमळले, डोळे चुरचुरले, चक्कर आली, तर ही गोष्ट दुसऱ्या फवारणाऱ्याला त्याच दिवशी कळणे किती मोलाचे आहे, हे त्यावरून समजावे.

म्हणून माझे पाच गोष्टींचे सांगणे आहे. खर्च काही नाही.

पहिली : गावात एक वही ठेवा. ती सोसायटीत ठेवा, ग्रामपंचायतीत ठेवा किंवा बचत गटाच्या भगिनींकडे द्या. कोणत्या यंत्राशी, कोणत्या वेळी, काय घडले आणि ते कसे टाळता आले असते, एवढेच लिहायचे. माणसाचे नाव लिहायचे नाही. विशेष म्हणजे थोडक्यात निभावलेल्या गोष्टीही लिहायच्या. पदर पट्ट्यात ओढला गेला पण फाटून सुटला. स्टार्टरला हात लावताच झिणझिण्या आल्या. ट्रॅक्टर बांधावर एका बाजूने उचलला. आज निभावले ते उद्या निभावेलच असे नाही.

दुसरी : सुगीच्या आणि फवारणीच्या आधी एक संध्याकाळ बसून ती वही मोठ्याने वाचा. बायका-मुलांना, मजुरांना सोबत बसवा.

तिसरी : यंत्र सुरू करण्यापूर्वीची उजळणी ठरवून घ्या. पट्ट्यावर आणि पी.टी.ओ. शाफ्टवर झाकण आहे का? पेंढी सारण्याचे तोंड पुरेसे लांब आहे का? पदर, मफलर, बाही आवळली का? प्यायलेला किंवा झोपेला आलेला कोणी यंत्राजवळ नाही ना? आणि शेवटी, "हात अडकला तर यंत्र कोण आणि कसे बंद करील?" ज्याने यंत्र जोडले त्याच्याशिवाय दुसऱ्या एकाने हे पाहावे.

चौथी : यंत्रात काही अडकले तर आधी यंत्र बंद करा, पूर्ण थांबू द्या आणि मगच हात घाला. ग्लायडरवाल्यांच्या "आधी नाक खाली" या नियमासारखा हा आपला नियम समजा. घाईच्या क्षणी आठवावा लागू नये इतका तो अंगवळणी पडू द्या.

पाचवी : खळ्यावर "थांबा!" हा शब्द सगळ्यांचा असू द्या. सालगड्याने म्हटला तरी, सुनेने म्हटला तरी, शाळकरी पोराने म्हटला तरी यंत्र थांबले पाहिजे. नंतर "उगीच थांबवलेस" असे म्हणू नका. एकदा रागावलात तर पुढच्या वेळी ते पोर गप्प राहील, आणि नेमके तेव्हाच त्याच्या ओरडण्याची गरज असेल.

मळणीला अर्धा तास उशीर झाला तर दाणे कुठे जात नाहीत. तुटलेला हात मात्र परत येत नाही आणि कर्त्या माणसाच्या मागे घर कसे उघडे पडते, हे मी तुम्हाला सांगायला नको. ब्रिटनमधल्या त्या हौशी लोकांनी आपल्या मेलेल्या सोबत्यांचे अहवाल कपाटात पडू दिले नाहीत, म्हणून मागून आलेले कितीतरी जण संध्याकाळी आपापल्या घरी पोचले. वही आपल्या गावातच मिळते. या सुगीच्या आत ती आणा आणि पहिल्या पानावर गेल्या हंगामात जे थोडक्यात निभावले ते लिहा.